चार वाजताचा चहा

आक्कांचं घर आणि माझं घर यांत भिंत एकच. पलीकडे त्यांची न्हाणी, अलीकडे माझा ओटा. त्यामुळे त्यांच्याकडे भांडं पडलं की कुणाचा आवाज चढला, ते मला आमटीला फोडणी देता देता कळतं. १९९९ साली लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या या वाड्यात आले. शेजार म्हणजे वाटीभर साखरेची देवघेव, हळदीकुंकू आणि किल्ली ठेवायला भरवशाचं घर, एवढीच तेव्हा माझी समजूत. आक्कांच्या मुलामुळे ती बदलली.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. वाड्यात सगळे त्याला दादाच म्हणतात. मी आले तेव्हा तो तेवीस-चोवीसचा असेल. आय.टी.आय. झालेला, शिरोलीला एका फौंड्रीत टर्नर. पहाटे तालीम, संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध. माझ्या गॅसचं जड सिलिंडर एका हातानं उचलून आत ठेवायचा आणि चहालासुद्धा थांबायचा नाही.

२००१ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीनंतर त्याला दिवसा झोप येईनाशी झाली. मग तालीम सुटली, मग नोकरी. पायरीवर बसून एकटाच पुटपुटायचा, मधेच हसायचा. एक दिवस सार्वजनिक नळावर मी घागर भरून ठेवली, तर त्यानं येऊन ती उपडी केली.

"वैनी, हे पाणी प्यायचं नाही. ह्यात घातलंय."

"काय घातलंय, दादा?"

"तुम्हाला ठाऊक आहे की!"

दोन वर्षांची माझी लेक कडेवर होती. मी घरात पळाले आणि कडी लावली. त्यानंतर कित्येक दिवस आक्का नळावर असतील तेव्हाच पाणी भरायला जात होते. समोरून दादा आला तर मान खाली घालायची, मुलांना आत घ्यायचं. वाड्यातल्या सगळ्यांचंच तसं चाललं होतं. "रत्नागिरीला पोचवा," असंही कुणी कुणी आक्कांच्या तोंडावर म्हणे. तिथे सरकारी मनोरुग्णालय आहे, म्हणून आमच्याकडे रत्नागिरी हे बोलून दाखवायचं नाव झालं आहे. आंबा घाटापलीकडचं ते गाव किती सुंदर आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आधी नृसिंहवाडीच्या वाऱ्या झाल्या, गंडेदोरे झाले. त्यात वर्ष गेलं. मग आक्कांच्या जावयानं त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता. ऐन विशीत तो डोकं वर काढतो. जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या गल्लीत नसला तर पुढच्या गल्लीत असणारच. आईच्या वळणानं तो होत नाही, कुणाच्या नजरेनंही होत नाही. पण हे आक्कांना पटायला फार दिवस लागले. "मी त्याला नोकरीवरनं बोललो होतो गं," असं म्हणून त्या पदर डोळ्यांना लावायच्या.

आता माझ्या चुकीविषयी लिहिते. इतकी वर्षं ती कुणाला सांगितली नव्हती.

दादा गोळ्या घेईना. तोंडात धरायचा आणि मोरीत थुंकायचा. आक्का रडकुंडीला आलेल्या. मला गृहिणींसाठीच्या युक्त्यांची भारी हौस. आमटी खारट झाली तर काय करावं, तांदळात पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय घालावं, सगळं मी वहीत उतरवून ठेवते. त्याच थाटात मी म्हणाले, "आक्का, गोळी कुटून चहात घाला की! चार वाजताच्या चहात कळणारसुद्धा नाही."

तीन आठवडे जमलं. दादा शांत झाला, झोपू लागला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग एका दुपारी त्याला कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला.

भिंतीपलीकडून कप फुटल्याचा आवाज आला आणि त्याचं ओरडणं. "घालताय! मी म्हणत होतो ते खरंच होतं! आई, तूसुद्धा?" ते "तूसुद्धा" आजही माझ्या कानात आहे. लोक आपल्या खाण्यापिण्यात काहीतरी घालतात, हा त्याच्या आजारातला भ्रम. आणि आम्ही दोघींनी तो खरा करून दाखवला! पुढचे चार महिने तो आईच्या हातचं काही खाईना. बाहेरचे केळी-शेंगदाणे खाऊन राहिला. कपाचा एक तुकडा लागून आक्कांच्या कपाळावर खोक पडली होती. दारात पडले म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझं नाव मात्र त्यांनी कुणाजवळही काढलं नाही.

त्याच दिवसांत एकदा त्या म्हणाल्या, "ह्या दुखण्यानं राजालाबी सोडलं न्हाई, तिथं आमची काय कथा?"

त्या चौथ्या शिवाजी महाराजांबद्दल बोलत होत्या. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेला हा मुलगा. विशीच्या आतच त्यांचं मन बिघडल्याचं जाहीर झालं. ते खरंच आजारी होते की छळानं तसे झाले, यावर तेव्हापासून वाद आहे. त्यांचे हाल होतात असं छापलं, कारभारी बर्व्यांवर आरोप केले, म्हणून १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. महाराजांना मात्र आपल्या माणसांपासून दूर अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस वर्षांचं. पुढे त्यांच्याच गादीवर शाहू महाराज दत्तक आले. शाळेत हे आम्ही टिळक-आगरकरांचा धडा म्हणून शिकलो. परक्या पहाऱ्यात राहणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलाचा विचार मी आक्कांच्या चुलीपाशी बसून पहिल्यांदा केला. मन आजारी पडलं की माणसाला माणसांची सगळ्यात जास्त गरज लागते, आणि नेमकी तेव्हाच ती काढून घेतली जातात. मीही तर मान खाली घालून तेच करत होते.

पुढच्या वेळी आक्कांबरोबर मी डॉक्टरांकडे गेले आणि चहाची हकिगत सांगून टाकली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चोरून दिलेलं औषध एकदा उघडं पडलं की औषधावरचा आणि माणसांवरचा, दोन्ही विश्वास जातो. आता जे करायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत." महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. बंद बाटली त्याच्या हातात देऊन, नाव वाचायला लावून त्यांनी ते समजावलं. बहिणीनंही मिनतवारी केली. तिसऱ्या खेपेला दादा तयार झाला.

मला त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. तो म्हणाला आवाज येतात, तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय," एवढंच म्हणा. थोडं आणि सावकाश बोला. दाराच्या वाटेत उभ्या राहू नका. हसू नका, त्याच्यादेखत कुजबुजू नका. सतत बोलणी खाणाऱ्या घरात हा आजार पुन्हा पुन्हा उलटतो. असे बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार तेच जास्त खातात.

२००४ साली 'देवराई' चित्रपट आला. पुढे तो पाहिल्यावर वाड्यातल्या बायका आपण होऊन आक्कांकडे येऊन बसल्या. अतुल कुलकर्णींनी केलेला तो शेष पाहून एकजण म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला दादाच!" "रत्नागिरीला पोचवा" हे बोलणं त्यानंतर वाड्यात ऐकू आलं नाही.

दादा पूर्ण बरा झालेला नाही. अंग सुटलं, हात थरथरतात, नोकरी पुन्हा झाली नाही. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ बंद पडले, तेव्हा टँकरवर आमच्या वाड्याच्या घागरी त्यानंच वाहिल्या. प्रत्येक घागरीतलं ओंजळभर पाणी आधी हुंगून बघायचा, मग माझ्या दारात आणून ठेवायचा. "चांगलं आहे, वैनी." मी "बरं" म्हणायची.

आता आक्का ऐंशीला टेकल्या. परवा म्हणाल्या, "मी काय जन्माला पुरणार हाय व्हय गं? माझ्यामागं त्याचं कोण बघंल?"

मला झटकन उत्तर देता आलं नाही. जन्मभराचं वचन मी कुठल्या तोंडानं देऊ? मग आम्ही बसून, बहिणीला फोन लावून, आक्कांच्या कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून काढलं. इंजेक्शनची तारीख, डॉक्टरांचा नंबर, आधी कुठली औषधं सोसली नाहीत ती. सरकारची २०२२ साली सुरू झालेली 'टेली मानस' ही फुकट सल्ल्याची सेवा, फोन १४४१६. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे आणि इलाज हा त्याचा हक्क आहे, तेही लिहिलं. आजार उलटला तर आपल्या बाजूनं कुणी निर्णय घ्यावा, हे आधीच लिहून ठेवता येतं. दादानं स्वतः बहिणीचं नाव सांगितलं.

आणि खाली मी लिहिलं, "चार वाजताचा चहा – आमच्याकडे."

तो रोज येतो. ओट्यापाशी उभा राहून मी पाण्यात काय काय घालते ते बघतो. साखर, आलं, पत्ती, दूध. मी एकाच पातेल्यातून दोन कप गाळते आणि आधी माझ्या कपातला घोट घेते. मग तो आपला कप उचलतो, हुंगतो आणि पितो. पिऊन झालं की कप विसळून पालथा घालून जातो.