बाटली कुणाच्या हातून

बाळंतपणाची भरपगारी रजा 2017 पासून 26 आठवड्यांची झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. डॉक्टरही सहा महिने फक्त आईचं दूध म्हणतात. म्हणजे कागदावर हिशेब चोख. पण त्यातले 8 आठवडे आधीच घेतले, तर बाळासाठी उरतात 18. म्हणून कितीतरी मुली दिवस भरेपर्यंत लोकलची गर्दी सोसतात आणि रजा राखून ठेवतात. माझ्या लेकीला रक्तदाबामुळे ते जमलं नाही. चार महिन्यांच्या नातवासाठी घरात बाटली आली.

त्याने ती जिभेने ढकलून दिली. दूध आईचंच, काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं, गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट केलेलं. तरी नाही. मला त्याचं म्हणणं पटलं. अंगावर पिताना तो ओढतो, थांबतो, पान्हा फुटायची वाट बघतो. सगळं त्याच्या मर्जीने. बाटली उलटी केली की दूध आपलं गळतच राहतं. गिळायचं की श्वास घ्यायचा, हे ठरवायलाही उसंत नाही. म्हणून त्याला जरा उठतं धरायचं, बाटली आडवी, निपल सगळ्यात हळू दूध येणारं, आणि मधूनमधून थांबायचं. तेही भुकेने कासावीस व्हायच्या आत. रडून लाल झाल्यावर कोण काय शिकतं?

आणि आईने घराबाहेर पडायचं. तिचा वास जवळपास असेल, तर बाळ रबर कशाला चोखेल? हे सगळ्यांत अवघड गेलं, कारण बाळाला आपल्याशिवाय प्यायला शिकवणं हेही आईचंच काम, असं घरोघरी गृहीत असतं. सासरहून फोन यायचा तोही तिलाच, ‘घेतो का गं आता?’ जावयाला कुणी विचारलं नाही.

बाटलीविषयी माझं प्रेम नाही. तिच्या जाहिरातीवर आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. निपलच्या सांदीत दूध साचतं, नीट उकळली नाही तर पोराला जुलाब. सासूबाईंचं चांदीचं बोंडलं कपाटात आहे. ते धुवायला सोपं, वाटी-चमचाही तसाच. पण दिवसभर थेंब थेंब पाजायला माणूस मोकळा हवा.

तो निघाला आमच्याकडेच. ह्यांनी स्वतःच्या लेकीला कधी पाणी पाजलं नव्हतं. आता नातवाला घेऊन गॅलरीत बसतात, पेपरातले क्रिकेटचे आकडे मोठ्याने वाचतात आणि मध्येच बाटली ओठांना लावतात. घेतली तर घेतली. घाई नाही, काळजीचा चेहरा नाही. त्यांच्याकडूनच तो प्यायला लागला. माझ्याकडून अजून घेत नाही, याचा मला थोडा रागही आहे.

दिवसा थोडंच पितो, उरलेलं रात्री आईकडून वसूल करतो. ‘वजन वाढतंय, लघवी नीट होतेय, मग होऊ दे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक मात्र अर्धवट झोपेत ऑफिस गाठते आणि फायलींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून दूध काढते. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, हेही रजेच्याच कायद्यात आहे. तिने अर्ज लिहिलाय. शुद्धलेखन मी तपासलं, आणि ‘नम्र विनंती’ खोडून ‘मागणी’ केलं.