बऱ्हाणपूरची चाळण

बऱ्हाणपूरला तापीचा राजघाट पाहून परतताना एका वेल्डिंगच्या दुकानापाशी थांबलो. कारागीर भोकांचे लोखंडी फावडे दुरुस्त करत होता. एरवी समुद्रकिनारी धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारे अशा फावड्याने वाळू चाळून नाणी वेचतात. आपण घरी जिला चाळण किंवा जरडी म्हणतो, तिलाच दांडा लावल्यासारखे! दांड्याजवळ पत्रा फाटला होता. पातळ पत्रा वेल्डिंगने जळतो, म्हणून त्याने आतून पट्टी लावून रिव्हेट ठोकले आणि कडा पितळेने झाळल्या.

इथे समुद्र नाही, पण मोगलांची टांकसाळ होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. त्यात बऱ्हाणपूरचा खजिना पाहून, सुमारे २० किलोमीटरवरच्या असीरगडाजवळ लोक रात्री बॅटऱ्या व यंत्रे घेऊन शेते खोदू लागले.

१८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. शिवाय नाणे कोणत्या थरात, कशासोबत होते, यावरून इतिहास कळतो. फाटका पत्रा सांधता येतो, उकरलेला थर नाही. असीरगड जरूर चढा. हातात पाण्याची बाटली पुरे.