मोळीचा भाव

आमच्या मुळशीत लाकडाचे दोन धंदे होते. पौडच्या जवळपासची मोळी बायकांच्या डोक्यावरून बाजारात जाई. ताम्हिणीकडच्या डोंगरातलं लाकूड पुण्यापर्यंत वाहणं परवडायचं नाही, म्हणून त्याचा जागेवरच कोळसा व्हायचा. मातीच्या भट्टीत चार-पाच मण लाकूड जळावं, तेव्हा जेमतेम मणभर कोळसा हाती लागे. भट्ट्या लावायचे कातकरी. उचल ठेकेदाराची अन् हिशेबही त्याचाच.

आई मोळी विकायची. गिऱ्हाईक आधी ओलं-वाळलं बघे, मग भाव पाडे. दिवस कलला की आई मिळेल त्यात देऊन टाकायची. म्हणायची, "ही परत डोंगर चढवू का आता?" पावसाळ्यात मात्र भाव तिचा. वाळल्या सरपणाला तेव्हा नाही म्हणणारं कुणी नसे.

पुढं रॉकेल आलं, गॅस आला. २०१६ नंतर उज्ज्वलाची टाकी वाड्यावस्त्यांवरही पोचली. मोळीचं गिऱ्हाईक गेलं. टाकी संपली की घरोघर चूल पेटतेच, पण ते लाकूड स्वतःच आणलेलं, बिनभावाचं.

आता रस्त्याकडेला 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या दिसतात. तिथं लाकूड टेंपोनं उतरतं. शहरातली माणसं धुराच्या चवीचे पैसे मोजतात. आईनं तो धूर जन्मभर फुकट गिळला.