अब्बांची टॉमी

मे महिन्यात आपाचा फोन आला. रडवेला आवाज. "तुझा लाडका भाचा मोटारसायकलवर लडाखला चाललाय. तू मास्तर आहेस, तूच समजाव त्याला." त्याला समजावण्याची जबाबदारी घरात नेहमी माझ्यावरच येते. मी हो म्हणालो आणि संध्याकाळी त्याला घरी बोलावलं.

भाचा वाळूजला एका कंपनीत नोकरीला आहे. डिप्लोमा झालेला, हाताला बरा. सेकंडहँड हिमालयन घेऊन जेमतेम सहा महिने झाले होते. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत ती गाडी लावली की सूतगिरणी चौकाकडून येणाऱ्या रिक्षाला वळायला जागा उरत नाही. तो आला तोच मोबाईलमधली यादी दाखवत. जॅकेट, गुडघ्याचे पॅड, हेल्मेटवरचा कॅमेरा, इंटरकॉम. सगळं मिळून त्याच्या दोन पगारांएवढं. मी यादी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "ट्यूब कुठे आहे?"

"मामू, रस्त्यात मिळेल ना पंक्चरवाला."

हे वाक्य ऐकून मला काय झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझे अब्बा बीड बायपासला पंक्चर काढायचे. पत्र्याचं खोकं, बाहेर लटकवलेलं जुनं टायर, पाण्याचा कापलेला ड्रम. आमच्या चौघा भावंडांची शिक्षणं त्या ड्रममधल्या बुडबुड्यांवर झाली. बी.एड.च्या प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी तिथे 'व्यापार' लिहिलं. पालकांची सही हवी होती म्हणून अर्ज दुकानावर घेऊन गेलो. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी हात पुसले, उर्दूत सही केली आणि बोट नेमकं त्याच रकान्यावर ठेवून विचारलं, "ये क्या लिखा?" मी म्हणालो, "दुकान." ते म्हणाले, "हाँ, दुकान तो है." आणि पुन्हा ट्यूब घासायला बसले. अब्बांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. तो रकाना मात्र अजून डोळ्यांसमोर येतो.

हल्ली 'पंक्चरवाले' हा शब्द मोबाईलवर आपल्याला हिणवायला वापरतात, हे वाचकांना मी वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर टायरची किती दुकानं केरळहून आलेली माणसं चालवतात हे त्या शिवी देणाऱ्यांना ठाऊक नसावं. पण खरं सांगतो, तो शब्द शिवी म्हणून सगळ्यांत आधी मीच वापरला होता, त्या अर्जात, न लिहिता.

तर भाच्याला मी जाऊ नको म्हणालोच नाही. म्हणालो, "जा. पण एका अटीवर. माझ्या अंगणात मागचं चाक काढायचं, ट्यूब बाहेर काढून पंक्चर जोडायचं आणि चाक परत बसवायचं. मी हात लावणार नाही. जमलं तर आपाशी मी बोलतो." मनाली ते लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. जिथे पेट्रोल नाही तिथे पंक्चरवाला कुठून येणार?

पुढचे चार रविवार त्यात गेले. आधी टायरच बदलायचं ठरलं, मागचं गुळगुळीत झालं होतं. त्याला खूप खोल नक्षीचं, चिखलातलं टायर हवं होतं, दिसायला रुबाबदार. मी म्हटलं, तुझ्या प्रवासात डांबर किती आणि दगडमाती किती ते मोज. इथून मनालीपर्यंत डांबरच डांबर. ते मोठे गुटके तापलेल्या डांबरावर लेह येईपर्यंत निम्मे झिजतील आणि पावसात वळणावर धरणार नाहीत. दोन्हीकडे चालेल असं मधलं घे. दुकानात त्याने माप बघितलं, भाव बघितला. मी टायर फिरवून बाजूवरचे शेवटचे चार आकडे दाखवले. ३५२१. म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. तीन वर्षं मांडणीवर पडून असलेलं रबर 'नवीन' म्हणून नव्याच भावात. दुकानदार काही बोलला नाही, आतून दुसरं आणलं.

ट्यूबचंही तसंच. माझी स्प्लेंडर सोपी आहे, पुढे अठरा, मागे अठरा, एका ट्यूबवर दोन्ही चाकांचं भागतं. हिमालयनला पुढचं चाक एकवीस इंचांचं, मागचं सतराचं. म्हणून दोन ट्यूब. एकच नेणार म्हणून हटून बसला तेव्हा सांगितलं, मग मागचीच ने. पुढचं चाक पडलेला खिळा उभा करतं आणि मागचं तो पोटात घेतं, हे अब्बांचं निरीक्षण. शिवाय सोल्युशन, ठिगळं, कानस, वॉल्व्हची पिन, हातपंप. पंप विजेचा घेतलास तरी हातचा राहू दे. वरच्या खिंडींत हवा इथल्यापेक्षा जवळपास निम्मी विरळ, तिथे एकेका झटक्यात पंपात निम्मीच हवा येते, म्हणून दम लागेल तेवढा धर. क्लचची वायर जुनीच्या शेजारी आत्ताच ओवून बांधून ठेव, तुटली की फक्त टोकं बदलायची. प्लग, फ्यूज, चेनची कडी. कॅमेऱ्याचं त्याचं त्याने बघावं.

पहिल्या रविवारी त्याला दोन तास लागले आणि शेवटी नवी ट्यूब टॉमीखाली चिमटून फाटली. सगळे नवशिके हेच करतात. ट्यूबमध्ये आधी जराशी हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि लोखंडाखाली येत नाही. आणि टायरच्या आतून हात फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, कारण खिळा तिथेच बसलेला असतो. सावकाश फिरव, म्हटलं. अब्बांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच चिरून चिरून बधिर झाली होती. चौथ्या रविवारी त्याने पन्नास मिनिटांत चाक बसवलं. आपा ओट्यावर बसून बघत होती. काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला.

निघताना मी त्याला अब्बांची टॉमी दिली. हातभर लांब, घडीव लोखंडाची, टोक झिजून चमचासारखं झालेलं. बाजारात हलक्या, छोट्या मिळतात, त्याच्याकडे तशा दोन होत्याही. तरी दिली.

अठरा दिवसांत एकही पंक्चर नाही! फक्त क्लचची वायर सरचूजवळ तुटली, ती दहा मिनिटांत जोडली. पंक्चर झालं ते परत येताना, चाळीसगाव सोडून कन्नडच्या घाटात, घरापासून दीडएक तासावर. मागचंच. काळोख होता, पाऊस होता. इकडे आपाचे सतरा फोन. तो रात्री साडेअकराला दारात उभा राहिला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. जेवताना म्हणाला, "मामू, एक सांगू? तुमची टॉमी तिथेच राहिली."

रविवारी सकाळी मी स्प्लेंडर काढली. त्याने सांगितलेलं वळण सापडलं, सोल्युशनची पिळलेली नळीही सापडली. कठड्याच्या कडेने गवत बाजूला करून तासभर बघितलं. टॉमी नव्हती. उतरून चाळीसगावच्या बाजूला एक पंक्चरचं दुकान होतं, तिथे विचारलं, कुणी आणून टाकली का. पोरगा विशीतला. म्हणाला, "तसली जुनी घडीव? आता कुठं मिळते, सर." मग माझ्या मागच्या चाकाकडे बघितलं, अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, हवा कमी आहे, भरून घ्या.