बारा चौरस फुटांचा कायदा

एकोणिसाव्या शतकात सागरी उतारूंच्या आरोग्यरक्षणासाठी जे कायदे झाले त्यांच्या अभ्यासात माझी बरीच हयात गेली असून, त्या सर्वांमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने १८५५ साली संमत केलेला चिनी उतारूंच्या जहाजांचा कायदा मला सर्वाधिक बोधप्रद वाटत आला आहे. कारण माणसाच्या जीविताचे रक्षण करण्याची प्रतिज्ञा करणारा कायदा कोठवर पोहोचतो आणि नेमक्या कोणत्या ठिकाणी त्याचे हात तोकडे पडतात, हे त्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

१८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि अमॉयसारखी बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली. पुढे दारिद्र्याने आणि तैपिंगच्या बंडाने गांजलेल्या दक्षिण चीनमधून लोकांचे दोन ओघ समुद्रापार जाऊ लागले. पहिला ओघ कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलिया येथील सोन्याच्या आशेने, पदरचे अथवा कर्जाऊ भाडे भरून जाणाऱ्यांचा. दुसरा, क्यूबातील उसाच्या मळ्यांवर आणि पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणण्यासाठी, आठ-आठ वर्षांच्या करारनाम्याने बांधून नेल्या जाणाऱ्या मजुरांचा. १८४७ ते १८७४ या काळात एकट्या क्यूबात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर उतरले, आणि पेरूचा आकडाही लाखाच्या घरात जातो.

या दुसऱ्या ओघाची हकिगत वाचताना मन विषण्ण होते. पुढे हाँगकाँगचे गव्हर्नर झालेले जॉन बाउरिंग यांनी १८५२ च्या एका खलित्यात अमॉय येथील मजुरांच्या कोंडवाड्यांचे समक्ष पाहिलेले वर्णन दिले आहे: शेकडो माणसे विवस्त्र, आणि त्यांच्या छातीवर पेरू, कॅलिफोर्निया किंवा सँडविच बेटे (आजची हवाई बेटे) यांचे आद्याक्षर उमटविलेले. त्याच वर्षी 'रॉबर्ट बाउन' या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने उतारूंच्या वेण्या कापवून, डेकवर थंड पाण्याने आणि खराट्यांनी त्यांना घासून काढविले. चिनी माणसाला वेणी म्हणजे अब्रू. स्वच्छतेच्या नावाखाली झालेल्या या मानखंडनेने उतारू खवळून उठले आणि कप्तान प्राणास मुकला. आरोग्याचा हुकूम माणसाचा मान राखून अमलात आला नाही तर त्यातून आरोग्यही साधत नाही, हा धडा त्या एका प्रसंगात संपूर्ण आला आहे.

अशा वार्ता लंडनला पोहोचत राहिल्यानंतर हा कायदा झाला. हाँगकाँगहून निघणारे कोणतेही जहाज, अथवा चीनच्या बंदरांतून निघणारे ब्रिटिश जहाज, २० हून अधिक आशियाई उतारू घेऊन सात दिवसांपेक्षा लांबच्या सफरीवर जाणार असेल, तर उतारू-अंमलदाराचा दाखला मिळाल्यावाचून त्याला नांगर उचलता येत नसे. कप्तानाला १,००० पौंडांचा मुचलका लिहून द्यावा लागे; आणि आपण कोठे चाललो आहो व कोणत्या करारनाम्याला बांधले गेलो आहो हे उतारूंना उमगले आहे, याची खात्री अंमलदाराने दुभाष्यामार्फत करून घ्यावयाची असे. प्रत्येक प्रौढ उतारूस १२ चौरस फूट तळ आणि ७२ घनफूट अवकाश, म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि सहा फूट उंच एवढी जागा मिळावी, असा दंडक होता. त्याच वर्षीच्या सर्वसाधारण उतारू कायद्याने विलायतेहून निघणाऱ्या स्थलांतरितांना मात्र डेकपरत्वे १५ किंवा १८ चौरस फूट दिले होते. एकाच पार्लमेंटने एकाच वर्षी माणसामाणसांच्या श्वासाची दोन निरनिराळी मापे ठरवावी, याचे मला आजही वैषम्य वाटते.

शिध्याचे परिशिष्ट बारकाईने पाहण्यासारखे आहे. दरडोई दररोज दीड पौंड तांदूळ किंवा अन्य धान्य, अर्धा पौंड सुकी वा खारी मासळी, एक औंस मसाला, रताळी-भोपळ्यासारखी टिकाऊ भाजी अर्धा पौंड, दोन पौंड जळण आणि एक गॅलन पाणी. मसाला आणि जळण यांचीही तजवीज करणाऱ्याने या लोकांच्या चुलीचा विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु केप ऑफ गुड होपला वळसा घालून हवानाला पोहोचेपर्यंत कित्येक महिने लागत, आणि तितक्या अवधीत भाजी नासून गेली की स्कर्व्ही बळावे. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाने होणाऱ्या बेरीबेरीचे कारण तर शतकाच्या अखेरीस जावा बेटात डच वैद्य आइकमन यांच्या प्रयोगांपासून उलगडू लागले. सर्वांत अधिक बळी घेतले ते मात्र हगवणीने आणि तापाने. आणि या दोहोंचे मूळ दाटीत, घाणेरड्या पाण्यात आणि बंडाच्या भीतीने बंद ठेवलेल्या तळखणाच्या कोंदट हवेत होते.

कायदा अमलात आल्यानंतर, १८५६ साली, हाँगकाँगहून क्यूबाला निघालेल्या 'ड्यूक ऑफ पोर्टलँड' या जहाजावरील सुमारे ३३० उतारूंपैकी १२८ वाटेत मरण पावले, आणि त्याच वर्षीच्या 'जॉन कॅल्विन' जहाजावरही भयंकर मृत्युसंख्या झाली. दाखला होता, मुचलका होता, मोजलेली जागा होती. मग माणसे का मेली? माझ्या मते याचे उत्तर असे की, जहाजाच्या आतील जागा मोजणाऱ्या या कायद्याला जहाजावर चढण्यापूर्वी त्या माणसाचे काय झाले हे दिसत नव्हते. फसवून किंवा पळवून आणलेला, कोंडवाड्यात खंगलेला, आशा सुटलेला मनुष्य रोगाला आधीच अर्धा वश झालेला असे. शिवाय हवानाच्या बाजारात करारनामे विकून येणारी रक्कम एवढी मोठी असे की, वाटेत कित्येक जण दगावले तरी सफर नफ्यातच राही.

हाँगकाँगमध्ये तपासणी कडक होताच हा व्यापार शेजारच्या पोर्तुगीज मकावकडे वळला. १८४४ पर्यंत ज्याचा कारभार गोव्याच्या हुकमतीखाली चाले, ते हेच मकाव. तेथून निघालेले 'फ्लोरा टेंपल' १८५९ साली खडकावर आदळले, तेव्हा खलाशी होड्या घेऊन निघून गेले आणि ८५० मजूर तसेच बुडाले. १८७१ साली 'डोलोरेस उगार्ते' या जहाजाला आग लागली, तेव्हा जाळीबंद तळखणात सुमारे ६०० माणसांचा अंत झाला. अखेर पोर्तुगालने १८७४ साली मकावचा हा व्यापार बंद पाडला, आणि त्याच वर्षी चेन लानबिन यांच्या चिनी आयोगाने क्यूबात जाऊन मजुरांच्या १,१७६ जबान्या नोंदवून घेतल्या.

उपाय अगदीच अज्ञात होता असे मात्र नव्हे. ब्रिटिश वेस्ट इंडीजसाठी मजूर भरती करणारे प्रतिनिधी ऑस्टिन यांनी १८५९ मध्ये कँटन येथे जे स्थलांतरगृह उघडले, तेथे चिनी अधिकाऱ्यांना तपासणीची मोकळीक होती, नाव मागे घेण्याची मुभा होती, आणि स्त्रिया व कुटुंबेही घेतली जात. त्या जहाजांवरील मृत्यूचे प्रमाण क्यूबाच्या जहाजांहून पुष्कळ कमी राहिले. हिंदुस्थानातून ब्रिटिश वसाहतींत गिरमिटिये नेणाऱ्या जहाजांवर सर्जनचा मेहनताना जिवंत उतरलेल्या माणसांच्या संख्येवर ठरविण्याची पद्धत होती. हाँगकाँगच्या चिनी व्यापाऱ्यांनी १८७२ साली सुरू केलेल्या तुंग वा रुग्णालयाने रोग्यांबरोबर फसविल्या गेलेल्या मजुरांचीही दाद घेतली.

मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले आपले मराठी मजूर याच काळात, याच जातीच्या नियमांखाली जहाजावर चढले होते, आणि आजही आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे परमुलखात मजुरीला जातात. त्यांच्यासाठी होणारा कोणताही कायदा वाचताना, त्याने किती फूट जागा दिली आहे हे तर पाहावेच. पण जाणाऱ्याला 'मी जात नाही' असे निर्भयपणे म्हणता येते काय, तपासणाऱ्या अंमलदाराचे पोट कोणावर अवलंबून आहे, आणि तो माणूस धडधाकट पोहोचण्यात कोणाचे हित गुंतले आहे, हे तीन प्रश्न वाचकांनी त्याआधी विचारावेत, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.