चेंडू पुन्हा मागणारा

चि. ओंकार,


ताईचा फोन आला होता. कोचने तुला आघाडीवरून काढून मधल्या फळीत, बचावपटूंच्या अगदी पुढ्यात उभं केलंय आणि तेव्हापासून तू नाराज आहेस, असं ती म्हणाली. शाहू स्टेडियमवर नाव गाजतं ते गोल मारणाऱ्याचं. मागे राहून पास देणाऱ्याला कोण विचारतं, हा तुझा सवाल. कोल्हापुरात पेठेपेठेत तुझ्यासारखी पोरं आहेत, त्यांनाही तो पडत असणार. म्हणून हे पत्र छापायला दिलंय. उत्तरादाखल तुला ग्रॅनिट झाका या स्विस खेळाडूची कारकीर्द सांगतो. तुला मिळालेल्या जागेवरच त्याचं आयुष्य गेलं.

झाका 27 सप्टेंबर 1992 रोजी बाझेलमध्ये जन्मला. घरचे मूळचे कोसोवोतले अल्बेनियन. वडील रागिप यांनी तरुणपणी युगोस्लाव्ह सरकारविरोधी निदर्शनांत भाग घेतला आणि साडेतीन वर्षं तुरुंग भोगला. पुढे ते बायकोसह स्वित्झर्लंडला गेले. तिथे ताउलांत झाला आणि दीड वर्षाने ग्रॅनिट. दोघांचा खेळ बाझेलमध्येच घडला, पण थोरल्याने अल्बेनियाची जर्सी घेतली, धाकट्याने स्वित्झर्लंडची. युरो 2016 मध्ये लाँसच्या मैदानावर हे सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध खेळले, तेव्हा आई दोन्ही देशांच्या चिन्हांचा अर्धा-अर्धा टी-शर्ट घालून बसली होती. स्वित्झर्लंड 1-0 ने जिंकलं.

सुरुवात त्याची झोकात झाली. 2009 मध्ये नायजेरियात झालेला 17 वर्षांखालचा विश्वचषक स्वित्झर्लंडने यजमानांनाच अंतिम सामन्यात हरवून जिंकला, त्या संघात तो होता. जून 2011 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध तो देशाच्या मुख्य संघातून पहिल्यांदा खेळला. त्याच डिसेंबरात त्याच्या बाझेल क्लबने मँचेस्टर युनायटेडला 2-1 ने हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं. 2012 मध्ये तो जर्मनीत बोरुसिया म्योनशेनग्लाडबाखकडे गेला, तिथे कर्णधार झाला, आणि 2016 मध्ये लंडनला आर्सेनलमध्ये आला.

आता त्या जागेबद्दल. बचावपटूकडून चेंडू घेताना तुझं तोंड बहुतेक वेळा आपल्याच गोलकडे असतं आणि प्रतिस्पर्धी पाठीवर चालून येत असतो. म्हणून चेंडू यायच्या आधी मान वळवून मागचं सगळं बघून ठेवावं लागतं. आघाडीवाल्याने पाच संधी वाया घालवल्या आणि सहावीवर गोल केला, तर लोक पाच विसरतात. इथे पन्नास पास बिनचूक दिले आणि एक्कावन्नावा चुकला, तर थेट आपल्यावर गोल होतो आणि तोच लक्षात राहतो. शिवाय या जागेवर लपायची सोय आहे. प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभं राहिलं की कुणी तुला पास देतच नाही. चूक होत नाही, बोलणीही बसत नाहीत, पण आपला संघ मैदानात एक माणूस कमी घेऊन खेळतो. झाकाने चुका पुष्कळ केल्या. उशिरा घातलेले टॅकल, फुकटची लाल कार्डं, गोलच्या तोंडाशी गमावलेले चेंडू. पण लपणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

27 ऑक्टोबर 2019 ची गोष्ट तुला माहीत असायला हवी. तो आर्सेनलचा कर्णधार होता. घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याला बदली करून बाहेर बोलावलं, तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने कानाला हात लावून त्यांना आणखी ओरडायला खुणावलं, आर्मबँड टाकून दिला, जर्सी काढली आणि सरळ आत निघून गेला. त्याआधीचे कित्येक दिवस समाजमाध्यमांवर लोक त्याच्या बायकोबद्दल आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीबद्दल अत्यंत घाण लिहीत होते. कर्णधारपद गेलं. त्या हिवाळ्यात बर्लिनच्या हेर्टा क्लबकडे जायची त्याची तयारी झाली होती. नवे प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांनी त्याला थांबवलं आणि तो थांबला.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. ज्या मैदानाने हुर्यो उडवली तिथेच दर आठवड्याला उतरायचं आणि पहिल्या मिनिटाला हात वर करून चेंडू मागायचा, याला छाती लागते. ऑगस्ट 2020 मध्ये चेल्सीला हरवून आर्सेनलने एफए कप जिंकला, तेव्हा तो मधल्या फळीत होता. गरज पडली तेव्हा तो डाव्या बगलेला बचावातही खेळला. 2022-23 च्या मोसमात आर्तेतांनी त्याला पुढे सरकवलं, तर तिशीत त्याने लीगमध्ये सात गोल केले. प्रेक्षक त्याला 'जाऊ नकोस' म्हणून गाणी गाऊ लागले. मे 2023 मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध शेवटच्या सामन्यात दोन गोल करून त्याने त्यांचा निरोप घेतला.

मधल्या काळात, 28 जून 2021 ला बुखारेस्टमध्ये, युरोच्या बाद फेरीत समोर विश्वविजेता फ्रान्स होता. स्वित्झर्लंडने आघाडी घेतली, मिळालेली पेनल्टी वाया घालवली आणि बघता बघता ते 3-1 ने मागे पडले. एक गोल फिटला. 90 व्या मिनिटाला झाकाने मध्यातून फ्रान्सचा बचाव चिरणारा पास दिला आणि मारियो गाव्रानोविचने 3-3 केलं. पेनल्टी शूटआउटमध्ये यान सोमरने एम्बापेची किक अडवली. 1938 नंतर पहिल्यांदा स्वित्झर्लंडने मोठ्या स्पर्धेत बाद फेरीचा सामना जिंकला. तो पास पाहा, ओंकार. गोल गाव्रानोविचच्या नावावर लागला, सामनावीर झाका ठरला. पिवळ्या कार्डांमुळे स्पेनविरुद्धच्या पुढच्या सामन्यात त्याला बसावं लागलं आणि तो सामना संघाने शूटआउटमध्ये गमावला.

2023 मध्ये तो पुन्हा जर्मनीत, बायर लेव्हरकुसेनला गेला. या क्लबने पाच वेळा दुसरा क्रमांक मिळवला होता, बुंडेसलिगा कधीच जिंकली नव्हती. प्रशिक्षक शाबी आलोन्सो स्वतः याच जागेवर खेळून मोठे झालेले. त्यांनी झाकाला संघाच्या केंद्रस्थानी ठेवलं. लेव्हरकुसेनने 34 पैकी 28 सामने जिंकले, सहा बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत. बुंडेसलिगेच्या इतिहासात असं कुणी केलं नव्हतं. मे 2024 मध्ये डब्लिनला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात आतालांताने त्यांना 3-0 ने हरवलं आणि सर्व स्पर्धांत मिळून 51 सामन्यांची अपराजित मालिका तुटली. तीनच दिवसांनी जर्मन कपचा अंतिम सामना होता. त्यातला एकमेव गोल झाकाच्या डाव्या पायाने दुरून मारलेला. 2025 मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये परतलेल्या संडरलँडला गेला आणि कर्णधार झाला. ज्या देशात आर्मबँड गमावला, तिथेच पुन्हा आर्मबँड. स्वित्झर्लंडसाठी हाइंझ हेरमान यांचा 118 सामन्यांचा विक्रमही त्याने केव्हाच मागे टाकला आहे.

तुला ही जागा शिक्षा म्हणून दिली असं समजू नकोस. ज्याच्याकडे सगळ्यांनी हक्काने चेंडू द्यावा, असा पोरगा कोचला तुझ्यात दिसला असेल. मान मिळायला इथे वेळ लागतो, झाकाला तर वर्षं लागली. तोवर काम करायचं ते एवढंच: चेंडू यायच्या आधी मागे बघ, पास दिल्यावर थांबू नकोस, आणि चुकलास तर आडोसा शोधू नकोस.

पुढच्या सामन्याला मी येतोय. तू गोल किती केलेस ते मी मोजणार नाही. तुझा एखादा पास चुकेल, लोक ओरडतील, तेव्हा तू पुढचा चेंडू हात वर करून मागतोस का, तेवढंच बघणार आहे. तुझ्या आईला आणि बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा