नॉमिनीच्या रकान्यापाशी

माझा धंदा लोकांच्या मरणाच्या भीतीवर चालतो, असं माझे दीर चेष्टेत म्हणतात. मी विमा एजंट आहे. साकीनाक्याला मोहिली व्हिलेजमध्ये राहते आणि खैरानी रोडचे गाळे, काजूपाड्याच्या चाळी, चांदिवलीच्या सोसायट्या अशी फिरून पॉलिसी विकते. खरं सांगायचं तर मरणाची भीती या धंद्याच्या आडच येते. पॉलिसी खपते ती मुलीच्या लग्नावर, मुलाच्या शिक्षणावर, वीस वर्षांनी हातात येणाऱ्या रकमेवर. माणूस गेला तरच पैसे मिळतात असा टर्म प्लॅन दाखवला, की समोरचा विचारतो, "म्हणजे ताई, मी जगलो तर माझं नुकसानच?"

फॉर्म भरताना नाव, जन्मतारीख, पगार, तंबाखू खाता का, इथवर सगळं सुरळीत चालतं. नॉमिनीच्या रकान्यापाशी हात थांबतो. मशीनवर बोट कापलं तर चिंधी गुंडाळून पाळी पूर्ण करणारे लोकही तिथे अडखळतात. एका गाळेवाल्याच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, "सोमवारी या ताई. आज शनिवार, घरात अभद्र नको." विमा काढला की मरण ओढवून घेतलं, असं मानणारे कमी नाहीत.

बरं, इथल्या लोकांनी मरण जवळून पाहिलं नाही असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी साकीनाक्यात डोंगर खचून झोपड्यांवर आला आणि घरंच्या घरं गाडली गेली. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. त्या आठवड्यात मला आपणहून फोन आले. गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपणारी पोरं विचारायची, "वर्षाला किती भरावे लागतील?" बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना तेव्हा ३३० रुपयांत दोन लाखांचा विमा देत होती. मी त्यांना तिकडे पाठवलं. संक्रांतीपर्यंत विचारणा थांबली. अंथरुणं मात्र त्याच पोटमाळ्यावर होती. याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे. पण रोज त्याच जागी पाठ टेकायची, तर भीती बाजूला सारल्याशिवाय झोप कशी लागणार?

आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. माणसं आपल्या मरणाबद्दल बोलतात तेव्हा ती स्वतः तिथे हजर असतात. "माझ्या मयताला बघा, गल्ली पुरणार नाही." "पन्नास लाख बायकोला मिळाले की भावांची तोंडं बघण्यासारखी होतील." बघणार कोण, तर हेच! फ्रॉइडने १९१५ मध्ये लिहिलं आहे की आपलं मरण मनात आणायला गेलो तरी आपण प्रेक्षक म्हणून उरतोच. मला ते वाचण्याआधी गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं.

माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्यांनी आपल्या शेवटासाठी हिरवं लुगडं आणि दहाव्या-तेराव्याचे पैसे ट्रंकेत वेगळे ठेवले होते. मरणाचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना घोर वेगळाच होता. मुंबईत पिंडाला कावळा शिवेल की नाही? न शिवला तर आपली काय इच्छा राहिली, हे पोरांना कसं कळणार? म्हणजे गेल्यानंतरही त्या कुठेतरी असणारच होत्या. नसणं त्यांच्या हिशेबात नव्हतंच आणि त्यांचा धीर बहुधा त्यातूनच आला होता.

माझा तसा विश्वास नाही. म्हणून छातीत गाठ लागली आणि तुकडा तपासायला गेला, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत मला आधार म्हणून काही सापडेना. पैशांची चिंता नव्हती, माझ्या पॉलिसी चोख होत्या. दुखेल याचीही फारशी धास्ती वाटली नाही. वाटलं ते निराळंच. पुढचा गणपती येईल, मोदक दुसरं कुणीतरी वळेल, चांगले वळेल आणि संध्याकाळपर्यंत माझी आठवणही निघणार नाही. आपल्यावाचून कुणाचं काही अडणार नाही, हे ते भय होतं. गाठ साधी निघाली. भय मात्र रिपोर्टबरोबर गेलं नाही.

पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत. शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची ओढ. ती विद्वानांनाही सुटत नाही असंही त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. मग खैरानी रोडवरच्या पोरांनी किंवा मी तिची लाज का बाळगावी?

माझ्या अनुभवात भीतीचे दोन भाग आहेत. मी नसेन, या भीतीवर कुठलीही पॉलिसी नाही. ती कधी कमी होते, कधी वाढते, तिच्यासकट जगावं लागतं. माझ्या मागे घरच्यांचं काय, ही भीती मात्र कागदावर बऱ्यापैकी आटोक्यात येते. पहिलीला घाबरून आपण दुसरीचंही काम टाळतो आणि मग विधवा बाई नवऱ्याच्या खात्यासाठी बँकेत खेटे घालते.

तेव्हा आज जेवताना घरात सांगून टाका: कागद कुठे आहेत, हप्ता कधी भरायचा, नॉमिनी कोण आहे. त्याने मरण लवकर येतं असं म्हणतात. इतक्या वर्षांत तसं झालेलं एकही घर मी पाहिलेलं नाही.